अर्धं गाऱ्हाणं

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला वाटेल, ही तपकिरी लांबलचक पट्टी, हिला कसला आलाय जीव आणि कसली आलीय कहाणी. पण मी एक जुनी फीत आहे, आणि एका जागी तोडून पुन्हा चिकटवलेली आहे. ज्याला एकदा तोडून जोडलेलं असतं त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच. रत्नागिरीच्या बाजारात श्रीपतीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे वरच्या फळीवर एका पत्र्याच्या डब्यात मी राहते. डब्यावर लाल शाईने लिहिलंय, 'खाडीपार. हाक. बाजू पहिली. शेवटापर्यंत वाजवणे.' त्यातले शेवटचे दोन शब्द श्रीपतीने मागाहून लिहिले. ते का लिहावे लागले तेच आज तुम्हाला सांगते.

'खाडीपार' हे आमच्या बँडचं नाव. भास्कर गिटार वाजवायचा. एरवी तो कचेरीत कारकून होता आणि गिटार हातात नसली तरी टेबलावर बोटं आपटत बसायचा. रघू ड्रम वाजवायचा. त्याचे हात शिमग्यातल्या ढोलावर तयार झालेले होते. उल्का गायची. ती सकाळच्या शाळेत बाई होती, आणि तिचा आवाज भरीव, थोडा जाडसर, ऐकणाऱ्याच्या बरगड्यांपर्यंत पोचणारा होता. चौथा श्रीपती. तो वाजवत नसे की गात नसे. तो यंत्र सांभाळायचा आणि काम चालू असताना तोंड घट्ट मिटून ठेवायचा.

चौऱ्याऐंशी साली त्यांची पहिली कॅसेट निघाली, 'सुरंगी'. ती मुंबईला जाऊन, भाड्याच्या स्टुडिओत भरलेली. ती गाजली. एसटीच्या कँटीनमध्ये वाजली, लग्नाच्या मांडवात वाजली, मिरकरवाड्यात होड्यांवर वाजली. आणि मग दोन वर्षांनी माझी पाळी आली. घरातल्या दुसऱ्या मुलीचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. थोरलीचे फ्रॉक तिला येतात आणि वर ऐकावं लागतं, थोरली कशी होती बघ. मी अजून भरलेही नव्हते तेव्हापासून लोक विचारत होते, दुसरी कॅसेट पहिलीसारखी होणार का? मला त्याचा राग येई. आज येत नाही.

एक गोष्ट मात्र माझी स्वतःची होती. मी कोरी होते. सीलबंद खोक्यातून आले होते, माझ्यावर आधी कोणी काही भरलेलं नव्हतं आणि पुसलेलं नव्हतं. हे तेवढं लक्षात ठेवा.

या खेपेला मुंबईला जायचं नाही असं भास्करने ठरवलं. भाट्याच्या पुलापलीकडे त्याच्या मामांची आंब्याची बाग होती, आणि बागेत जांभ्या दगडाची अढीची खोली होती. अढी म्हणजे आंबे पिकायला घालायची जागा. मोसम नसला की ती रिकामी असते. श्रीपतीने खोलीत उभं राहून एक टाळी वाजवली आणि म्हणाला, "घुमतंय." मग त्यांनी भिंतींना बांबूच्या तट्ट्या लावून त्यांच्यामागे पेंढा भरला, जमिनीवर वीतभर पेंढा अंथरला आणि पुन्हा टाळी वाजवली. या वेळी टाळी हातातच विरली. मुंबईच्या स्टुडिओत असतं ते सगळं आपल्याकडे आहे, असं भास्कर दहादा म्हणाला.

उल्काची शाळा अकराला सुटे, म्हणून काम दुपारी बाराला सुरू करायचं ठरलं. बाराला कावळेसुद्धा गप्प असतात. पण बागेचा राखण्या धोंडू, त्याला सगळे धोंडूकाका म्हणत, त्याने मान हलवली.

"बाराला त्याची फेरी आसते," तो म्हणाला. "करू नको असा मी सांगत न्हाय. पन आदी गाऱ्हानां घालू. त्याला इचारल्याबिगर त्याच्या जाग्यात नारळ पाडत न्हाय आमी, तुमी तं गळं मोकळं करनार."

'त्याची' म्हणजे राखणदाराची. कोकणातल्या मुलांना हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते. जागेचा एक राखणदार असतो. तो दिसत नाही. नवं काम काढताना त्याच्यापुढे नारळ ठेवून मोठ्याने मागणं मांडतात, ते गाऱ्हाणं. मांडणारा एकेक वाक्य बोलतो आणि जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा." तेवढं म्हटलं की ते मान्य झालं.

तर शहाऐंशीच्या नोव्हेंबरात, भर बाराला, धोंडूकाकाने अढीच्या खोलीत नारळ ठेवला. भास्कर, रघू आणि उल्का हात जोडून मागे उभे राहिले. श्रीपती बाहेर पडवीत यंत्रापाशी होता. आवाजाचा अंदाज घ्यायला त्याने मला चालू करून ठेवलं होतं. असं माझं पहिलंवहिलं भरणं झालं.

"बा राखणदारा म्हाराजा," धोंडूकाका म्हणाला, "ही तुजी लेकरां तुज्या जाग्यात गानीं भराया बसल्यात. चुकलांमाकलां पोटात घाल, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या पोरीचा गळा तुज्या हवाली करतो. तो राखून ठेव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनी काम सरलां का जिचा हाय तिला माघारी दे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मित्रांनो, माझ्यावर आवाज उमटतो तो वाऱ्याच्या धक्क्याने. माणसाच्या छातीतून हवा निघते, ती मायक्रोफोनला धडकते, मग माझ्यापर्यंत येते. त्या दिवशी हात जोडून उभे होते तिघे. माझ्यावर 'व्हय' उमटले चार. तिघांच्या मागे हवा होती. चौथ्याच्या मागे काहीच नव्हतं.

श्रीपतीने संध्याकाळी ऐकलं तेव्हा तो खुर्चीत सरळ झाला. "जुनी फीत आहे काय ही? आधीचं काहीतरी राहिलंय वाटतं," तो म्हणाला. मी कोरी होते हे मला माहीत होतं, पण फितीला भरलेलं तेवढंच बोलता येतं.

पुढे तीन आठवडे काम चाललं आणि ते सुंदर झालं. खोटा विनय कशाला, मी थोरलीपेक्षा चांगली होते. उल्का पेंढ्यात अनवाणी उभी राहून गायची. भास्करला गाऱ्हाणं इतकं आवडलं की त्याने तेच माझ्या सुरुवातीला ठेवलं. त्यातून ड्रम उसळतो आणि पहिलं गाणं सुरू होतं.

मग शेवटच्या दिवशी घोळ झाला. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची आणि मी भरले अकरा सेकंद जास्त. शेवटच्या गाण्यात भास्करची गिटार लांबली होती. ती कापायला तो तयार होईना.

"गाऱ्हाण्याचं शेपूट काप," तो श्रीपतीला म्हणाला. "'राखून ठेव', त्यावर 'व्हय म्हाराजा', की थेट ड्रम. माघारी दे वगैरे नको. तिथे रेंगाळतं."

उल्का शाळेच्या वह्या तपासत बसली होती. तिने मान वर केली. "अरे, अर्धंच कसं ठेवतोस? कापायचं तर सगळं काप. मुलांनी अर्धं वाक्य लिहिलं तर मी मार्क देत नाही."

"अगो, तिथे ऐकायला कोण बसलंय? ड्रम आला की लोक मान डोलवतात," भास्कर हसून म्हणाला.

उल्का पुन्हा वह्यांकडे वळली. तिने हट्ट धरला नाही, आणि पुढे याचंच तिला फार वाईट वाटलं. श्रीपतीने ब्लेड घेतलं. मी यंत्रावर सेकंदाला साडेसात इंच धावते. अकरा सेकंदांचे झाले साडेचार हात. तेवढी मला त्याने कापली, उरलेली दोन टोकं चिकटवली आणि तो तुकडा मागे न बघता पेंढ्यात टाकून दिला.

तुम्ही विचाराल, मग तू कुठे होतीस, डब्यात की पेंढ्यात? दोन्हीकडे. हे मला नीट समजावता येणार नाही. डब्यातून मी मुंबईला गेले, माझ्यावरून कॅसेटी निघाल्या, मी परत येऊन फळीवर बसले. आणि त्याच वेळी मी अढीच्या बंद खोलीत पेंढ्याखाली पडून होते. तिथे रोज बाराला कोणीतरी दार न उघडता आत येई. हळूहळू खोलीभर फिरे, माझ्यापाशी येऊन थांबे आणि मला ओलांडून जाई. चार महिन्यांत एकदाही माझ्यावर पाय पडला नाही.

जानेवारीत 'हाक' नावाने कॅसेट बाजारात आली. सकाळचे नऊ वाजले होते. शाळेसमोरच्या पानवाल्याने कौतुकाने आमच्या बाईंची कॅसेट म्हणून ती मोठ्याने लावली. आत उल्का तेराचा पाढा म्हणून घेत होती. बाहेर धोंडूकाकाचा आवाज आला, "तो राखून ठेव, म्हाराजा." चार जण 'व्हय' म्हणाले. उल्का म्हणाली, "तेरा साते," आणि थांबली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. बाई गंमत करतायत असं वाटून मुलं हसली.

पहिल्या आठवड्यात तिचा आवाज जाऊन येत असे. कॅसेट वाजत असली की जाई, बंद झाली की घोगरा होऊन परत येई. पण मी गाजत होते ना. बाजारात, बंदरावर, गाड्यांमध्ये, चाकरमान्यांच्या खोल्यांमध्ये, दिवसभर कुठे ना कुठे मी वाजतच होते. महिन्याभरात तो यायचा थांबला. डॉक्टर म्हणाले, गळा स्वच्छ आहे. हेडमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी जूनपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं, त्यानंतर दुसऱ्या बाई घ्याव्या लागतील. उल्का गळ्यात दोरीने पाटी अडकवून हिंडू लागली आणि लोकांशी खडूने बोलू लागली. ज्या आवाजावर तिची नोकरी होती, जिवाचा आनंद होता, तो सगळ्या गावात ऐकू येत होता, फक्त तिच्यात नव्हता.

आणि एक भयंकर गोष्ट मला तेव्हा कळली. फीत वाजून वाजून झिजते. मी मात्र दर खेपेला सुधारत होते. उल्काचा आवाज माझ्यावर दिवसेंदिवस ठसठशीत होत होता. एखाद्या ओळीआधी तिने श्वास घेतलेला आधी ऐकू येत नव्हता, तो आता येऊ लागला. मला स्तुती हवी होती, ती मिळाली. ती कशाच्या जोरावर मिळते आहे हे कळल्यावर मला ती नकोशी झाली.

मार्चच्या शेवटी धोंडूकाका भाट्याच्या नाक्यावर चहा प्यायला बसला होता. त्याच्याकडे ना रेडिओ ना टेप. त्याने मला तोवर कधी ऐकलंच नव्हतं. टपरीवाल्याने कॅसेट लावली. धोंडूकाकाने स्वतःचा आवाज ऐकला, 'व्हय' ऐकला, आणि लगेच ड्रम ऐकला. त्याने कप तसाच खाली ठेवला आणि उन्हातून पूल ओलांडून चालत श्रीपतीच्या दुकानात आला. उल्का तिथेच बसली होती.

"माजां गाऱ्हानां आर्धां का?" त्याने विचारलं.

श्रीपतीने कापलं कसं ते सांगितलं. धोंडूकाका उल्काच्या पाटीकडे बघून म्हणाला,

"राखून ठेव म्हनून सांगितलात, माघारी दे म्हनून सांगितलात न्हाय. तो बिचारा राखतोय. त्याची काय चूक? आनी मी एकदा बोललो तां एकदाच. ही तुमची फीत दिवसाला हजारदा बोलते."

दुसऱ्या दिवशी बाराला त्याने अढीत जाऊन नवं गाऱ्हाणं घातलं. श्रीपतीने तेही भरून घेतलं, नव्या फितीवर, मला जोडायला. पण वाजवून बघितलं तर 'व्हय' तीनच. भास्कर, रघू आणि या खेपेला उल्काच्या जागी स्वतः श्रीपती. चौथा नव्हता.

"ज्याने द्यायचा तोच व्हय बोलला न्हाय," धोंडूकाका म्हणाला. "त्याचा व्हय त्या दिशीचा. तो तुकडा हुडका."

तेव्हा रघूने कपाळावर हात मारला. आंबे उतरायची वेळ आली होती. अढीला नवा पेंढा लागणार म्हणून जुना पेंढा कालच त्याची आत्या हौसा भाजावळीला घेऊन गेली होती. भाजावळ म्हणजे भाताचं रोप टाकायची जमीन आधी पालापाचोळा आणि पेंढा पसरून भाजून काढतात ती. ती आज दुपारीच पेटवणार आहे, रघू म्हणाला. वाक्य संपायच्या आत उल्का दाराबाहेर पडली होती.

हौसाचं शेत बागेमागे सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, उतारावर होतं. उल्का बांधावर पोचली तेव्हा खालच्या टोकाला आग लागली होती आणि हौसा कंबरेवर हात ठेवून वाऱ्याचा अंदाज घेत उभी होती, उल्काकडे पाठ करून. उल्काने तोंड उघडलं. मी त्या पेंढ्यात होते, मित्रांनो, आणि तिच्याकडे बघत होते. तिने सगळा जीव एकवटून हाक मारली. वाऱ्याने पेंढा सळसळला तेवढाच आवाज झाला.

मग ती बांधावरून उतरली, सरळ पसरलेल्या पेंढ्याच्या मधोमध गेली आणि बसली.

धुरातून हौसाला ती दिसली. हौसा जळत्या कडेवर ओले टहाळे मारत सुटली. आग विझवून, घामाने निथळत, ती उल्कापाशी येऊन उभी राहिली. "काय गो बाय, मराया बसलीस? तोंड न्हाय तुला? हाक तं मारायची," ती म्हणाली. आणि मग तिला पाटी दिसली. बाईंचा आवाज गेलाय हे तिने ऐकलं होतं. ती उल्काच्या शेजारी राखेत बसली आणि काही न विचारता पेंढा चाळायला लागली. धापा टाकत बाकीचे आले आणि तेही बसले. भास्करही बसला. त्याचा पांढरा सदरा काळा झाला. "माझी गिटार कापायला हवी होती," तो म्हणाला.

मी हौसाच्या हाताला लागले. एका टोकाला थोडी आखडले होते, पण अक्षर न् अक्षर शाबूत होतं.

दुसऱ्या दिवशी बाराला अढीत, रिकाम्या खोलीत, श्रीपतीने मला जोडलं. तिरका काप, वर चिकटपट्टी, नखाने घासून. तुम्हाला कधी तुमचा हरवलेला हात परत मिळाला नसेल, म्हणून मला काय वाटलं ते सांगत बसत नाही. यंत्र चालू झालं. धोंडूकाका माझ्यातून बोलू लागला. "तो राखून ठेव, म्हाराजा." "आनी काम सरलां का जिचा हाय तिला माघारी दे, म्हाराजा." तिघे व्हय म्हणाले, आणि त्यांच्यामागून चौथा. भोंगा कोपऱ्यात होता. चौथा व्हय दाराशी ऐकू आला. नंतर कोणीतरी खोली ओलांडून गेल्यासारखा पेंढ्याचा आवाज झाला. खोलीत त्या दिवशी पेंढ्याची काडीही नव्हती.

"एक्याण्णव," उल्का म्हणाली.

जानेवारीत अडकलेला आकडा होता तो. मग ती रडली, आणि रडण्याचा आवाज ऐकून हसली. रघू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. धोंडूकाकाने नारळ फोडला आणि पहिला तुकडा दाराबाहेर ठेवला.

इथे गोष्ट संपती तर मला बरं वाटलं असतं. पण बाजारात गेलेल्या कॅसेटी अर्ध्याच आहेत. दुकानांत होत्या तेवढ्या भास्करने पायपीट करून परत आणल्या. दाभोळपासून आंजर्ल्यापर्यंत तो दारोदार फिरला. ज्या मुंबईला गेल्या, आखातात गेल्या, त्यांचं काय करणार? आज नव्याण्णव साल आहे. उल्काबाई चौथीला शिकवतात. कधीतरी शिकवता शिकवता त्यांचा आवाज मधेच जातो. मुलं ओळखतात, कुठेतरी कोणीतरी ती कॅसेट लावलीय. ती हातातली पेन्सिल खाली ठेवतात आणि वर्गातली मालन नावाची मुलगी उभी राहून मोठ्याने म्हणते, "जिचा हाय तिला माघारी दे, म्हाराजा." सगळा वर्ग व्हय म्हणतो. मग बाई राहिलेलं वाक्य पुढे सुरू करतात. वर्गात मुलं अडतीस आहेत. 'व्हय' किती होतात ते त्यांनी कधी मोजून बघितलं नाही, ते बरंच आहे.

आता मी म्हातारी झाले. कोकणातल्या दमट हवेने माझ्यावर बुरशी धरते, माझा सांधा सुकत चाललाय, चिकटपट्टीची एक कड सुटली आहे. श्रीपती आठवड्याला डबा उघडून बघतो, पण त्याचीही नजर कमी झालीय. म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्या घरी माळ्यावर, जुन्या पेटीत, 'हाक' नावाची कॅसेट सापडली तर ती फेकू नका आणि तिच्यावर दुसरं काही भरू नका. तशीच ठेवा. कोणी चुकून लावलीच, तर ड्रम सुरू व्हायच्या आत उरलेलं वाक्य तुम्ही तोंडाने म्हणा. त्या वेळी घरात तुम्ही एकटेच असलात तरीही कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणेल. घाबरू नका. तो वाईट नाही. त्याला जेवढं सांगितलं तेवढंच तो करतो. म्हणून तर मित्रांनो, सांगताना वाक्य पुरं करा.